मधली सोळा पानं

अहो डॉक्टर, आवाज खाली करा असं मी म्हटलंच नाही, बसा म्हटलं — त्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसा, दुकानातली खुर्ची वर घरात गेलीय. हं, काय म्हणत होतात? पान अठ्ठ्याण्णववर गाईचं खूर सडतंय, आणि पान उलटलं तर थोरली जाऊ जिन्यात बसून रडतेय. बरोबर. गुरांच्या डॉक्टरांना खुरावरचं औषध हवं होतं आणि हाती आली जाऊ. चूक माझी. चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय, अशी चूक पहिल्यांदाच — बरं, दुसऱ्यांदा. पण मला एक सांगा, पुस्तक नेलंत त्याला तीन महिने झाले, आणि अठ्ठ्याण्णवावं पान आज उघडलंत? नाही, टोमणा नाही मारत. सगळ्या गावाची पुस्तकं माझ्या हाताखालून जातात, बोटांचे डाग कुठल्या पानापर्यंत आलेत ते मला दिसतं. साठाव्या पानापुढे सगळी कोरी करकरीत असतात.

आणा इकडे. बघू... हीच. डॉक्टर, ही सोळा पानं — एका मोठ्या कागदाची घडी, आम्ही फर्मा म्हणतो — ही मी तीन महिने शोधतोय. टेबलाखाली, गोंदाच्या डब्यामागे, रद्दीत. तुमच्या गाईच्या पोटात असतील हे कुणाच्या डोक्यात येणार? तुमचं आणि ती जावांची कादंबरी, दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, एकाच आठवड्यात उसवून सुटी केलेली. शिवताना हात चालत होता आणि डोकं आकड्यात होतं.

कसला म्हणजे? पन्नासचा. बायकोची नजर गेली, दोन वर्षं होतील. आधी ती मला वाचून दाखवायची आणि मी शिवायचो. मी स्वतः? मी जन्मभर पुस्तकाची पाठच पाहिली. तर वर्षाच्या पहिल्याच दिवशी मेहुणीचा फोन — ताई, मी सरत्या वर्षात पन्नास पुस्तकं वाचली. कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. बायकोने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मला राहवलं नाही. म्हटलं, यंदा आपण पन्नास करू, मी वाचतो, तू ऐक. वाचनालयातून बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक आधी वर, मग परत — ते विचारायला आले की सांगायचं, गोंद वाळला नाही अजून. दुपारी जेवण झालं की मी खुर्चीत आणि ती समोर. भिंतीवर खडूच्या रेघा. सप्टेंबरपर्यंत अडतीस झाली. मेहुणीला आता मीच फोन करायचो, सहज, तब्येत विचारायला.

एवढ्या भराभर कशी? वाचून, दुसरं काय. म्हणजे — नदीचं वर्णन चार पानं असेल तर माणसाने काय करावं? सूर्य बुडतोय तर बुडू दे की, एकदा सांगितलंस, कळलं आम्हाला. तेवढं मी गाळायचो. लांबलचक पत्रं गाळायचो. गेलेल्या माणसांच्या आठवणी तर सरसकट. तिला काय कळणार — हे मी आत्ता बोललो ते सोडून द्या.

मग ही कादंबरी आली. जुनी, एकच प्रत. थोरली जाऊ धाकटीशी दहा वर्षं बोलत नाही, अर्धं पुस्तक ह्यातच. मी वाचत सुटलो, तर पुढच्या पानावर दोघी शेजारी बसून भाजी निवडतायत. मला काहीच वाटलं नाही, बरं का. तोंड वाचत होतं, कान बंद. ती म्हणाली, 'अहो थांबा, ह्यांचं पटलं केव्हा?' पानांचे आकडे बघितले तर मधला फर्माच नाही. म्हटलं, बांधताना राहिला. ती म्हणाली, 'बांधताना? बरं.' मग म्हणाली, 'तुम्ही दोन-दोन पानं एकदम उलटता ना, त्याचा आवाज वेगळा येतो. तीस वर्षं तुमचे फर्मे दुमडलेत मी. बोलले नाही, वाटलं दिवसभर शिवून दमता, त्यात माझी ही भर. पण सोळा पानं एकदम? इतका कंटाळा आला असेल तर राहू द्या.' झालं. त्या दिवसापासून माझं वाचन बंद. मुलाने फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय, ते वाचतं, माझ्याच खुर्चीवर बसून. वरून येतोय ना आवाज? मधे नुसती फळ्यांची तक्तपोशी आहे, इकडचं शिंकलेलं तिकडे कळतं. अगदी गुणी आहे, नदी आली तर नदी वाचतं, दमत नाही, चहा मागत नाही.

पण आता हा पुरावा. हे बघा, तुमच्या पुस्तकाचा गोंद, माझ्या सुईची भोकं. मी चुकलो, लबाडी नाही केली. निदान ह्या वेळी तरी नाही. हे असं घेऊन वर जातो, तिच्यासमोर धरतो आणि म्हणतो, हे बघ —

दिसत नाही हो तिला.

वाचून दाखवीन, पण ती म्हणेल, हे तुम्ही मनानेच रचलंत. तुम्ही येता का वर? दोन मिनिटं, तुम्ही सांगा तिला, माझ्या पुस्तकात निघाली म्हणून... नको. स्वतःच्या बायकोपुढे साक्षीला गुरांचे डॉक्टर न्यायचे, म्हणजे शोभाच. खरं सांगू? मेहुणी गेली खड्ड्यात, पन्नासही गेली. नजर गेल्यापासून ती बसायची ती भिंतीकडे तोंड करून. मी वाचायला लागलो की तेवढी आवाजाकडे वळायची. नवं पुस्तक असलं की सरसावून बसायची, पहिल्या पानाला तर अशी, नवी नवरी असल्यासारखी. म्हणून मला जुनं संपवायची घाई. म्हणून गाळायचो. हे तिला कधी सांगितलं नाही, सांगायची काय गोष्ट आहे ही, ह्या वयात —

काय झालं? वर काय बघताय?

वरचं वाचणं बंद झालं का? केव्हा बंद झालं? नाही, खरं सांगा डॉक्टर, केव्हापासून बंद आहे? मी एवढा बडबडतोय आणि तुम्ही एका शब्दाने —

परवा या. तुमची गाय शिवून ठेवतो. नाही, आता काही बोलू नका. जा तुम्ही.