आजोबांच्या गाण्याची सुरुवात

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही रॉक कॉन्सर्टच्या रांगेत उभे आहात आणि पुढे एक आजोबा नातीशी बोलताहेत.

"आत गेलो की हे कानातलं यंत्र तू सांभाळ. मोठ्या आवाजात नुसतं कुईं करतं."

"मग गाणी कशी ऐकणार?"

"ड्रम छातीत वाजतात की."

"आणि तुमचं आवडतं गाणं? त्यात आधी नुसती गिटार आहे."

"तेच तर. चाळीस वर्षं वाट पाहिली आणि सुरुवातच हुकायची."

"मी सांगेन ना. रोज लावता, पाठ झालंय मला."

"तुला डुलकी लागली तर?"

"डुलकी तुम्हाला लागते, आजोबा."

दार उघडलं. आजोबांनी यंत्र काढून दिलं. नातीने ते डबीत ठेवलं, त्यांचा तळहात उघडला आणि गिटारची सुरुवात त्यावर बोटांनी हळूच वाजवून पाहिली.