देवराईतला सत्कार

नाशिकच्या स्टँडवर इगतपुरीच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजच्या एक मॅडम होत्या. त्यांना न्यायला गावाहून पुंजाभाऊ आले होते.

"मॅडम, आमच्या देवराईचं नाव दिलं म्हणं किड्याला?"

"हो पुंजाभाऊ, नवी उपप्रजाती आहे. तिळाहून बारीक भुंगेरा. फक्त तुमच्या देवराईतल्या पाचोळ्यातच सापडलाय."

"गाव लय खूश हाय. तिथंच मांडव घातलाय तुमच्या सत्काराला."

"देवराईत?"

"मंग! आठ दिवस सगळ्यांनी झाडून काढली. एक पान ठेवलं नाय."

"आणि पाचोळा?"

"जाळला."

"सगळा?"

"सगळा. पोरांना दाखवायला किडा आणलाय ना?"

"आणलाय. बाटलीत, स्पिरिटमध्ये."

"बरं झालं. तिथं शोधत बसायला नको."