वळणावरचा मृत्यू, माळावरचा पंचनामा

नाव मालोजी सावळाराम येळवंडे, वय बावीस वर्षे, शिक्षण मराठी चौथी, धंदा कांद्याच्या वखारीत मापाडी, राहणार सोनदरे, चाकणजवळ. समक्ष हजर राहून, हवालदारसाहेबांच्या परवानगीने हा जबाब स्वतःच्या हाताने लिहून देतो.

सोमवार, तारीख ११ फेब्रुवारी १९५७ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास मी चाकणला वखारीत कालच्या पोत्यांवर खुणा करीत होतो. आमच्या गावचे दूधवाले आबाजी सायकलवरून आले. किटल्या न उतरविता म्हणाले, "मालोजी, तुझा अर्जुन बोरमाळावर पडलाय. चल बिगीनं."

अर्जुन हा माझा थोरला भाऊ. पिंपरीच्या कारखान्यात कामाला होता. सातच्या पाळीसाठी तो अंधारातच सायकलने निघे.

मी गेलो तेव्हा भाऊ माळावर बाभळीखाली घोंगडीत होता. अंग गार झाले होते. तेथे नाशिक रस्ता सरळ आहे. रस्त्यावर रक्त नव्हते, काच नव्हती, सायकलही नव्हती. शेजारच्या बोरमाळ गावची माणसे लांब उभी होती. पंचनामा त्याच जागेवर झाला व त्यांचे दोन पंच घेण्यात आले.

पंचनामा चालू असता मी रस्त्याने मागे आमच्या गावाकडे चालत गेलो. बोरमाळची शीव ओलांडल्यावर ओढ्याचे वळण लागते, ते सोनद्र्याच्या हद्दीत आहे. तेथे मोरीचा कठडा फुटलेला होता. ट्रकच्या दिव्याची काच पडली होती. सायकल रस्त्याकडेच्या चारीत होती व तिचे पुढचे चाक दुमडलेले होते. भावाचा डबा ओढ्याच्या पाण्यात होता. वहिनी कुशाबाई हिने तो ओळखला आहे.

भाऊ तेथून माळावर कसा गेला, ते लिहितो. ज्या गावच्या शिवेत मढे सापडते, त्या गावाला पंच द्यावे लागतात, राखण बसवावी लागते, पुढे कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात. म्हणून वळणावर कोणी मेले की आमच्या गावची माणसे त्याला उचलून शिवेपलीकडे ठेवतात. ही रीत आहे. पूर्वी याच वळणावर मेलेले बैलगाडीवाले दोघे व ट्रकवरचा क्लीनर हेही असेच नेले गेले. बोरमाळच्या लोकांना वाटते की माळावर काही बाधा आहे. त्यांनी तेथे शेंदराचा दगड मांडला आहे. ट्रकवाले जाता जाता पैसा टाकतात.

आमचे चुलते उद्धवराव हे गावचे पोलीस पाटील आहेत. भावाला माळावर का नेले, असे मी त्यांना आबाजींच्या देखत विचारले. ते म्हणाले, "अंधार व्हता. कोन हाय ते दिसलं न्हाई. आमी काय मुद्दाम केलं व्हय?"

मी म्हणालो, "काका, घोंगडी आपल्या घरची आहे."

त्यावर ते म्हणाले, "तू मापाडी मानूस, समदं तोलतच बस. गेल्याला पारड्यात घालून परत येनार हाय का त्यो?"

पहाटे ओढ्याकडे गेलेल्या एका बाईने त्यांना भावाला उचलताना पाहिले. भाऊ तेव्हा जिवंत होता व "काका, पाणी" असे म्हणत होता, असे तिने मला सांगितले. पाणी पाजले काय, असे मी विचारले. ती घागर उचलून निघून गेली. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण तिला त्याच गावात राहायचे आहे. चुलत्यांचे नाव लिहिले आहे. मलाही त्याच गावात राहायचे आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर बांधकाम खात्याचे ओव्हरसियर रस्ता पाहण्यास आले होते. ठाण्यातून गेलेल्या तक्त्यात सर्व अपघात बोरमाळावर होते, म्हणून त्यांनी माळ पाहिला. सरळ रस्त्यात त्यांना दोष दिसला नाही. चालक बेफिकीर आहेत असे म्हणून त्यांनी तेथे 'सावकाश हाका' अशी पाटी लावली. ट्रकवाले पाटीपाशी वेग कमी करतात, पुढे मोकळे झाल्यासारखे जोरात सोडतात आणि लगेच वळण येते. वळणावर पाटी नाही.

माझी मागणी भरपाईची नाही. ट्रकचा नंबर कोणी पाहिलेला नाही. घटनेचे ठिकाण ओढ्याचे वळण, हद्द सोनदरे, असे दप्तरी लिहावे, एवढीच मागणी आहे.

हवालदारसाहेबांनी मला समजावले की, "बाबा, तुझं म्हणणं कागदाला लागेल. पण वर जो तक्ता जातो त्यात ठिकाण पंचनाम्यातलंच जातं. वळणाचा पंचनामा पाहिजे तर तुझ्या गावचे दोन पंच आण. आत्ता येतो जागेवर." साहेब टोपी घालून खरोखरच निघाले होते, हे नमूद करतो.

त्यावरून मी काल सोनद्र्यात घरोघर गेलो. एकाने गाय व्यालेली असल्याचे सांगितले. एकाने, पाटलांना विचारून ये, असे सांगितले. काही घरांत माणसे असून दार उघडले नाही. आबाजी म्हणाले, "भावा, माझं दूध पाटलाच्या वाड्यावर जातं. मला यात धरू नगंस." वहिनी पंच व्हायला तयार आहे व आज माझ्याबरोबर ठाण्यात आली आहे. मयताच्या घरचे पंच चालत नाहीत, असे तिला सांगण्यात आले. ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुनाला काय पडलंय?"

पंच मिळाले नाहीत. सबब तक्त्यात घटनेचे ठिकाण बोरमाळ असेच जाईल, असे मला कळविण्यात आले आहे.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला व वहिनीला मोठ्याने वाचून दाखविला. मी लिहिला तसाच तो आहे व बरोबर आहे. ठिकाण बरोबर नाही.

सही : मालोजी सावळाराम येळवंडे