गाळलेली ओळ

(नॉर्थ डाकोटा. ऑगस्टअखेरची दुपार. माजी गव्हर्नर वर्लिन टॉफ्टे यांच्या घराची मागची पडवी. महिन्याभरापूर्वीच पक्षाच्या अधिवेशनाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली आहे. समोर आर्डिस क्वाले : निवृत्त शिक्षिका, पक्षाच्या राष्ट्रीय समितीची सदस्य. आत स्वयंपाकघरात सोल्वेग, वर्लिनची बायको.)

वर्लिन : ...म्हणजे दोनशे मैल गाडी हाकत तू आलीस, आणि ते सगळे वॉशिंग्टनला पंख्याखाली बसून राहिले.

आर्डिस : पक्षाध्यक्षांचा फोन आला, तेव्हा मीच म्हटलं, मी जाते. दुसरं कोणी आलं असतं तर तू अंगावर कुत्रा सोडला असतास.

वर्लिन : कुत्रा म्हातारा झालाय. हल्ली तो सगळ्याच पक्षांपुढे शेपूट हलवतो.

आर्डिस : शुक्रवारी चार राज्यांच्या मतपत्रिका छापायला जातात, वर्लिन. त्यानंतर आम्ही कोणालाही उभं केलं, तरी कागदावर नाव तुझंच राहील.

वर्लिन : राहू दे की. मला काढणार कोण? नियम काय आहे?

आर्डिस : मला नियम शिकवू नकोस.

वर्लिन : शिकवत नाही. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

आर्डिस : अधिवेशनाने दिलेली उमेदवारी समितीला परत घेता येत नाही. उमेदवार वारला, किंवा स्वतःच्या हाताने लिहून बाजूला झाला, तरच ती जागा रिकामी होते. मग समितीचे सदस्य मतदानाने दुसरा निवडतात. झालं समाधान?

वर्लिन : आणि हे कलम लिहिलं कोणी?

आर्डिस : मी. शिकागोच्या त्या हॉटेलात.

वर्लिन : बत्तीस वर्षांची होतीस. खोलीभर सिगारचा धूर आणि त्या धुरात तू एकटी बाई, निळ्या कोटातली. म्हणालीस, बंद दाराआड बसलेल्या चार पुरुषांना कोणाचं नाव खोडता येता कामा नये.

आर्डिस : कॉफी आणायला मलाच सांगत होते. मी कॉफीही आणली, आणि कलमही मंजूर करून घेतलं.

सोल्वेग : आर्डिस, कॉफी आणखी घेणार ना?

आर्डिस : नको गं, भरपूर झाली.

सोल्वेग : थोडीशी?

आर्डिस : खरंच नको. तुला उगाच त्रास.

सोल्वेग : केलेली आहे, ओतून द्यावी लागेल.

आर्डिस : बरं, मग अर्धा कप.

वर्लिन : तीनदा विचारल्याशिवाय या राज्यात कोणी हो म्हणत नाही. मला मात्र तुम्ही एकदाच विचारलंत आणि मी पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिलो. चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांवर सत्तावीस माणसं. आठवतं?

आर्डिस : एकवीस. सहा जण जेवायला आले होते.

वर्लिन : बाहेर गव्हावर वारा असा धावत होता, जणू शेतालाच कुठेतरी पोचायचं होतं. मला वाटलं, आपल्यालाही पोचायचंय. कुठे, ते कळत नव्हतं. तेव्हाचं ते न कळणं किती सुंदर होतं, आर्डिस.

आर्डिस : सुंदर कसलं! माझी गाडी मायनॉटच्या रस्त्यावर तीनदा बंद पडली. तू ढकलत होतास आणि मी शिव्या देत होते.

वर्लिन : रविवार होता. पुटपुटत देत होतीस.

आर्डिस : वर्लिन, मी गप्पा मारायला आलेली नाही.

वर्लिन : ठाऊक आहे. म्हणून तर मी गप्पा मारतोय.

आर्डिस : दोन आठवड्यांपूर्वी डिमॉइनच्या सभेत काय झालं, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. आम्हाला 'थकवा' एवढंच कळवलं गेलं.

वर्लिन : मेंदूत कुठेतरी एक बारीकशी शीर अडली. हात चालतात, पाय चालतात, जीभ तर बघतेसच. व्यासपीठावर भाषणाचा कागद उघडला आणि... अक्षरं होती. बर्फावर पाखरांची पावलं उमटलेली असतात, तशी. पाखरू येऊन गेलं एवढं कळत होतं. काय म्हणून गेलं, ते नाही.

आर्डिस : पण तू बोललास. चाळीस मिनिटं.

वर्लिन : पाठ होतं ते बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि गंमत म्हणजे मला अजून लिहिता येतं. हात बरोबर लिहितो. लिहून झालं की मीच परक्यासारखा त्या कागदाकडे बघत बसतो.

आर्डिस : देवा रे.

वर्लिन : त्याला मध्ये आणू नकोस. वाचून दाखवायला माणूस ठेवता येतो. डोळ्यांनी अधू माणसंही मोठमोठी कामं करतात.

आर्डिस : करतात. त्यांनी आयुष्यभर कानांनी वाचायची सवय केलेली असते. तुला दोन आठवडे झालेत, आणि निवडणूक दहा आठवड्यांवर आहे.

वर्लिन : हळूहळू येईल म्हणाला डॉक्टर. म्हणजे, 'बघू' म्हणाला. त्याचा बंद पाकिटातला अहवाल तू आणलायस ना? समितीला दाखवायला माझी संमती हवी, असं अध्यक्ष म्हणत होते. पाकीट फोड. वाच. सोल्वेगला मी वाचू देत नाही, ती मध्येच थांबते.

आर्डिस : 'रुग्णाची स्मृती, विचारशक्ती आणि वाणी शाबूत आहे. लेखनक्षमता टिकून आहे. वाचनक्षमता गेलेली आहे. दुसऱ्याने वाचून दाखवलेला मजकूर रुग्णास पूर्ण समजतो. विश्रांती व नियमित तपासणी आवश्यक.' खाली सही.

वर्लिन : बघ! 'पूर्ण समजतो.' मग अडतंय कुठे? आण तो पेन. समितीतल्या प्रत्येकाला एकेक प्रत पाठव. त्यांनाही कळू दे की म्हातारा अजून शाबूत आहे. इथे सही ना?

आर्डिस : थोडी खाली.

वर्लिन : इथे?

आर्डिस : वर्लिन, थांब. सही करू नकोस.

वर्लिन : आता काय?

आर्डिस : मी एक ओळ गाळली.

वर्लिन : ...कुठली?

आर्डिस : 'वाचनक्षमता गेलेली आहे', त्याच्या पुढची. 'ती परत येण्याची शक्यता नाही.'

वर्लिन : नाही?

आर्डिस : नाही, असंच लिहिलंय.

वर्लिन : का गाळलीस?

आर्डिस : तोंडातून निघेना. तुझा चेहरा समोर होता. वाटलं, आजचा दिवस जाऊ दे. एवढंच. शपथेवर सांगते, दुसरं काही मनात नव्हतं.

वर्लिन : मला माहितेय, दुसरं काही नव्हतं.

आर्डिस : रागावलास?

वर्लिन : नाही. विधानसभेतला तो जाडजूड कायदा आठवतोय. सगळे घरी जायला कोट चढवून बसलेले, आणि मी पान उलटतोय.

आर्डिस : 'टॉफ्टे, सही गिरव की लवकर' म्हणून मागून ओरडत होते.

वर्लिन : दोनशे एकोणिसाव्या पानावर एक ओळ निघाली. तेवढ्या एका ओळीने आठ गावांची रेल्वे बंद झाली असती. लोकांनी मला निवडून दिलं ते भाषणांसाठी नाही गं. हा माणूस शेवटच्या पानापर्यंत वाचतो, म्हणून दिलं.

आर्डिस : हो.

वर्लिन : आणि आज तू वाचलंस, तू, आर्डिस क्वाले, आणि मी पेन टेकवला होता. तिथे वॉशिंग्टनला तर माझा चेहरा बघून कोणाचाही जीव तुटणार नाही. ते वेगळ्या कारणांनी गाळतील.

आर्डिस : मी काही सांगत नाही तुला. नियम माझाच आहे. तुझ्या हातानेच व्हायला हवं.

वर्लिन : सोल्वेग! कोरा कागद आण. अधिवेशनाचं बोधचिन्ह असलेला नको. साधा.

सोल्वेग : हा घे. बसू का मी इथे?

वर्लिन : बस. तुझ्यापुढेच लिहितो.

आर्डिस : सावकाश लिही. घाई नाही.

वर्लिन : ...झालं. हे काय लिहिलंय? मोठ्याने वाच. सोल्वेगने तुझ्या खांद्यावरून बघायचं.

आर्डिस : 'माझ्या पक्षास. मी उमेदवारीतून बाजूला होत आहे. मला वाचता येत नाही, आणि न वाचता सही करणारा माणूस तुम्हाला तिथे नको. मला तुम्ही जे दिलंत त्यातलं काहीही मी विसरलेलो नाही. वर्लिन टॉफ्टे.'

वर्लिन : सगळं वाचलं तिने?

सोल्वेग : सगळं.

आर्डिस : अध्यक्षांना मी इथूनच फोन करते. परवा बातमी सगळीकडे येईल. लोक काहीबाही लिहितील, वर्लिन.

वर्लिन : लिहू देत. परवापर्यंत राहा, वरची खोली रिकामी आहे. वर्तमानपत्र सातला येतं. तू सावकाश नऊला खाली ये आणि वाचून दाखव.

आर्डिस : सगळं?

वर्लिन : सगळं. तोवर मी त्यातले फोटो बघत बसतो.