वेताच्या खुर्चीचा करारनामा

बाबा : नीट ऐक. अज्ञान व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. दुबळ्यांच्या रक्षणासाठी कायद्याने उभी केलेली ही भिंत आहे. वीस वर्षं कॉलेजात हेच शिकवतोय मी.

मुलगी : पण करार तूच लिहिलास ना? खाली सही पण तुझीच, लांबलचक.

बाबा : आहे ना. पण तू पडलीस अकरा वर्षांची. म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान.

मुलगी : म्हणजे मला काही कळत नाही?

बाबा : तसं नाही गं टिकले. अठरापर्यंत अज्ञान, पुढे सज्ञान. एवढंच.

मुलगी : मग आजीच्या वेताच्या खुर्चीवर उभा राहून बल्ब बदलत होता, तो माणूस सज्ञान होता?

बाबा : हळू! आजी आत आहे.

मुलगी : कलम एक. 'खुर्ची आपण मोडली असे लिहून देणारी सर्वांसमक्ष सांगेल.' सांगितलं. कलम तीन. 'रडू आल्यास ती बाथरूममध्ये जाऊन रडेल.' तिथेच रडले.

बाबा : ते... ते कलम जरा घाईत लिहिलं गेलं.

मुलगी : कलम पाच. 'मोबदल्यात तिचा व्हायोलिनचा क्लास कायमचा बंद होईल.' आणि काल आईला काय म्हणालास? चालू राहू दे, मुलांना शिस्त लागते!

बाबा : तुझ्या आईपुढे कलमं चालत नाहीत. त्यात करार रद्दबातल, मग माझाही इलाज नाही.

मुलगी : तुझ्याच पुस्तकात बघितलं मी. अज्ञानाला बांधता येत नाही. पण त्याने आपलं काम पुरं केलं असेल, तर समोरच्या सज्ञानाला सुटता येत नाही. पान एकशे बेचाळीस.

बाबा : त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

मुलगी : बाबा.

बाबा : बोल.

मुलगी : क्लास राहू दे. मी वाजवीन. पण आजीला खरं सांग. तीन आठवडे झाले, पत्ते खेळत नाही माझ्याशी. म्हणते, थापाड्यांबरोबर मी डाव मांडत नाही. मी तर कबूल केलंय, मग थापाडी कशी?

बाबा : अगं, ती खुर्ची आजोबांनी हाताने विणली होती. जावई झालो म्हणून काय, कोणत्या तोंडाने सांगू?

मुलगी : मी सांगितलं तेव्हा माझं तोंड कोणतं होतं?

(आजी दारात येऊन उभी राहते.)

आजी : कसली कलमं चाललीत?

बाबा : आई, बरं झालं आलात. म्हणजे, बरं नाही झालं. ती खुर्ची हिने नाही मोडली. मी मोडली. आणि ढकललं हिच्यावर. लेखी.

आजी : माहीत आहे.

बाबा : कधीपासून?

आजी : मोडली त्या दिवसापासून. लेकी बोले सुने लागे, म्हणून हिला बोलत राहिले. तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. इतकं वाचणाऱ्या माणसाला लागेल असं वाटलं होतं.

मुलगी : पण आजी, तुला कळलं कसं?

आजी : तुझं वजन सत्तावीस किलो आहे.