कान निर्दोष आहेत

...नाही, पण मला सांगा, इंजिन ठोकतंय असं मी सांगतोय आणि समोरचा माणूस माझ्या कानाकडे बघतोय, ही कुठली पद्धत? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी पंपांच्या कारखान्यात फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत. पण चालत्या मशीनला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आत कुठली बेअरिंग रडतेय ते सांगायचं, हे माझं काम. साहेब लोक मशीन खोलण्याआधी मला बोलवायचे. कधी चुकलो नाही. एकदाच चुकलो, लग्नाच्या वेळी. ते सोडा.

तर गाडी घेतली. कोरी. बायकोचे गुडघे गेलेले, तिला बसची पायरी चढवत नाही, मुलगी चार तासांवर राहते, तिला दिवस गेलेले. हिचा एकच ध्यास, नातवंड पहिलं माझ्या हातात आलं पाहिजे, तिच्या सासूच्या नाही. आणि दुसऱ्याच महिन्यात सुरू... टक, टक, टक. बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तिसरा सिलिंडर, खालची बेअरिंग. विषय संपला.

संपला कसला! वर्कशॉपात काउंटरवर एक बाई, बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. मी म्हटलं, तिसऱ्या सिलिंडरची बेअरिंग. तिनं लिहिलं, 'आवाज'. म्हटलं, बेअरिंग लिहा. तर म्हणे यादीत बेअरिंग नाहीये काका, आवाजच आहे. मग कंपनीचा इंजिनिअर आला. गाडीला वायर जोडली, लॅपटॉपच्या पडद्याकडे बघितलं, बॉनेटला बोटसुद्धा लावलं नाही, आणि म्हणाला, "आवाज येत नाही."

अहो, तुम्ही नुसतं वाचताय, जरा ऐका, असं म्हणून मी त्याच्यापुढे स्क्रू ड्रायव्हर केला. त्यानं तो असा धरला, जणू मी मेलेला उंदीर हातात दिलाय. परत केला. आवाज येत नाही.

दुसऱ्या खेपेला म्हटलं, चला, रस्त्यावर चालवून बघा. मागे बायको बसलेली. गाडी खड्ड्यातून गेली, टक झालं. मी म्हटलं, हा बघा. त्यानं आरशातून मागे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, मावशींच्या गुडघ्याचा तर नसेल? तुम्हाला सांगतो, बायको तीन दिवस बोलली नाही. त्याच्याशी नाही, माझ्याशी.

तिसऱ्या खेपेला त्यानं माझं वय विचारलं. मग घरी कंपनीचा कागद आला. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून हिनं वाचला, आणि वाचताना चेहरा असा खुलला, जणू पोरगी पहिल्या नंबरानं पास झाली. 'आवाज येत नाही. ग्राहकाच्या श्रवणशक्तीबाबत शंका.' तेवढ्यात मेहुणा टपकला. दाजी, ते कानात घालायचं मशीन घ्या, त्याला इंजिन नसतं, टकटक होणार नाही. मग दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले. माझ्या घरात. माझ्या खुर्चीत बसून.

आता चाळीस वर्षांचा कान. गप्प बसेन होय? थेट कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवलं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. एक शिट्टी सोडली नाही. बाहेर नर्स कुणाला तरी सांगत होती, म्हातारा खडूस आहे, तेही ऐकलं. डॉक्टरनं लिहून दिलं, 'दोन्ही कान निर्दोष.' ते प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतलं आणि रजिस्टरनं कंपनीला पाठवलं. सोबत माझ्या हातचं पत्र. 'मला हा आवाज रोज स्वच्छ ऐकू येतो. तुमच्या इंजिनिअरचे कान तपासा.' बायको म्हणाली, शेवटचं वाक्य काढा. मी त्याच्याखाली रेघ मारली.

आणि एका दुपारी जावयाचा फोन, कळा सुरू झाल्या. निघालो. अर्ध्या रस्त्यात चढावर टकटकीचं धाडधाड झालं, आणि तिसऱ्या सिलिंडरचा दांडा इंजिन फोडून बाहेर. तिसऱ्याच, बरं का! मी रस्त्यावरच म्हटलं, बघ, मी काय सांगत होतो. ते तेव्हा म्हणायला नको होतं. बायकोला वाळूच्या ट्रकवर चढवताना ड्रायव्हर खालून ढकलतोय, क्लीनर वरून ओढतोय, आणि ती मला बोलतेय. पोचलो तेव्हा नात सासूच्या मांडीवर. सासू म्हणाली, या, दमलात ना, सावकाश बसा.

मग कंपनीत गेलो. तोच इंजिनिअर. हातात माझंच पत्र आणि तो मढवलेला कागद. म्हणाला, ग्राहकाला दोष माहीत असून त्यानं गाडी चालवली, तर वॉरंटी लागू नाही. म्हटलं, तुम्हीच सांगत होतात ना, आवाज येत नाही?

"आम्हाला येत नव्हता, काका. तुम्हाला येत होता. रोज, स्वच्छ. तुमचे कान निर्दोष आहेत."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं माझं म्हणणं मान्य केलं.

मी विचारलं, आणि मला कमी ऐकू येत असतं तर?

"तर नवं इंजिन बसवून दिलं असतं."

हे घरी सांगायला नको होतं. सांगितलं. आता गाडी दारात उभी आहे, आणि ही सकाळपासून खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, लोकांचे नवरे म्हातारपणी बहिरे होतात, सगळ्यांचं भलं होतं, माझ्याच नशिबी हा निर्दोष. मग मागे वळून विचारते, "ऐकताय ना?"

मी भिंतीकडे बघतो. म्हणतो, आवाज येत नाही.