बनाना मूळचा कुठला

आमचे देवपूरचे जावई इंग्रजी शिकवतात ना, त्यांची गंमत सांगतो. असोद्याला जेवायला आले आणि ताटावरच सुरू झाले, "आबा, बंगला, लूट, जंगल हे शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेले."

मी तोंड गंभीर करून म्हटलं, "आणि बनाना? तो आमच्या असोद्याचा. गोऱ्या साहेबानं पहिलं केळं आमच्याच मळ्यात खाल्लं."

जावईबापूंनी नव्या कॉलेजात पहिल्याच तासाला ते ठोकून दिलं. एका पोरीनं लगेच मोबाइलवर पाहिलं, तर शब्द आफ्रिकेतला निघाला.

संध्याकाळी फोन आला, "आबा, बठ्ठा वर्ग हसला हो मला!"

म्हटलं, "मग गप्प का बसलात? आफ्रिकेत केळी कोणी पाठवली, ते विचारायचं ना तिला!"